कोकणी माणूस फणस नाही

कोकणी माणूस बाहेरून काटेरी, आतून गोड. फणसासारखा. रत्नागिरीत वाढलेल्या कुणीही हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यावर उलट काही विचारावं असं सुचतसुद्धा नाही. सत्कारात ते येतं, एकसष्टीच्या गौरवअंकात येतं, दिवाळी अंकातल्या व्यक्तिचित्रात येतं आणि शोकसभेत तर हमखास येतं. बोलणारा लाडानं बोलतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं तोही सुखावतो. मला हे वाक्य खोटं वाटतं. ते वापरून गुळगुळीत झालं आहे ही माझी तक्रार नाही. ते फणसाविषयी चुकीचं सांगतं, माणसाविषयी त्याहून चुकीचं सांगतं, आणि त्या चुकीची किंमत घरातल्या, गावातल्या ज्या माणसांना मोजावी लागते त्यांचं नावही कुणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी फणसाचंच बघू. मे महिन्यात पडवीत फणस फोडायला घेतात तेव्हा खाली गोणपाट पसरतात, हाताला आणि कोयतीला खोबरेल चोळतात. चीक एकदा लागला की साबणाला दाद देत नाही. फणस उभा चिरला की मधला पांढरा दांडा दिसतो, त्याच्याभोवती गरे, गऱ्यांच्या मध्ये चिवट पाती आणि कडेला साल. घाई न करता एक गरा सालीसकट सोडवून बघावा. त्याचं बूड दांड्याला चिकटलेलं असतं आणि दुसरं टोक थेट सालीत शिरलेलं असतं. ते तिथं संपतही नाही, सालीच्या बाहेर काटा होऊन येतं. फणस हे एका फुलाचं फळ नाही. शेकडो फुलं एकमेकांना चिकटून, एकजीव होऊन तो बनतो. फुलाचा खालचा भाग मांसल होतो, तो गरा. त्याच फुलाचा वरचा शेंडा कडक होतो, तो काटा. ज्या फुलांत बी धरत नाही त्यांची पाती होतात. म्हणजे काटे हे गऱ्यांवर घातलेलं कवच नव्हे, काटा आणि गरा ही एकाच फुलाची दोन टोकं आहेत.

शिवाय फणसाचा काटा बोथट असतो. फणस अंगावर घेऊन माणसं दरड उतरतात, त्यांना काटा रुतत नाही. त्रास देतो तो चीक, आणि तो सालीतही असतो, दांड्यातही असतो. उपमेत चिकाला जागा नाही. काप्याला आणि बरक्यालाही नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत एकाचा गरा करकरीत, दुसऱ्याचा लिबलिबीत, आणि फोडल्याशिवाय खात्री नाही. गोडीचं म्हणाल तर सगळेच फणस गोड निघत नाहीत. कितीतरी पिचपिचीत आणि बेचव निघतात आणि गुरांपुढे जातात. ज्यांनी ही उपमा चालवली त्यांनी फणसातलं हवं तेवढंच उचललं, आणि माणसाचंही तेच केलं.

इथं पु. ल. देशपांड्यांचं नाव निघणारच. रत्नागिरी त्यांची सासुरवाडी. त्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातला ‘अंतू बर्वा’ हा रत्नागिरीचा जणू अधिकृत चेहरा होऊन बसला. फणसाची उपमा पु.लंनीच दिली ना, असं मला नेहमी ऐकवलं जातं. ज्यांनी लेख अलीकडे वाचलेला नाही तेच हे ऐकवतात. लेखाच्या सुरुवातीला पु.ल. एका फणसावर थांबत नाहीत. चिरा, नारळ, अळू, सुपारी अशी इथल्या मातीतली एकमेकांशी न जुळणारी जिनसं ते एकत्र मांडतात. अखेरीला, अंतूशेट एका दुखऱ्या आठवणीपाशी येऊन थांबल्यावर, फणस पुन्हा येतो तो पिकण्यासाठी. साल कुठली आणि गर कुठला हा तिथला मुद्दाच नाही. मुद्दा वयाचा आहे, सोसण्याचा आहे, गोडवा यायला लागलेल्या काळाचा आहे. आधी सगळं व्यक्तिचित्र आलं, माणूस दिसला, त्याची गरिबी, एकटेपणा आणि तिरकेपणा दिसला, आणि मग एका वाक्यापुरती उपमा आली. आपण माणूस काढून टाकला आणि उपमा ठेवली. तीही बदलून ठेवली. पिकण्यातला काळ गेला, बाहेर आणि आत एवढं उरलं. पिकायला वर्षं लागतात, त्यात माणसाला काही करावं लागतं, सोडावं लागतं. आत आधीपासूनच गोड असलेल्याला काहीच करावं लागत नाही. पु.लंच्या नावावर खपवलेली ही उपमा त्यांच्या लेखाच्या विरुद्ध जाते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फणसाची उपमा माणसाचे दोन भाग करते. एक वरचा, जो बोलतो, वागतो, ओरडतो, अपमान करतो. दुसरा आतला, जो कुणाला दिसत नाही पण चांगला असतो. एकदा हे दोन भाग केले की वरच्या भागाचा हिशेब विचारायची सोय राहत नाही. ‘तोंडानं फाटका, पण मनानं निर्मळ.’ ‘बोलतो तसं त्याच्या मनात नसतं.’ मग असतं कुठं? ज्याच्या बोलण्यानं दुसऱ्याचं जेवण घशाखाली उतरत नाही, ते बोलणं त्याचं नाही तर कुणाचं?

बाराव्या-तेराव्याच्या जेवणावळींत मी हे किती वेळा पाहिलं आहे. पंगतीत बसलेले पाहुणे गेलेल्या म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगत असतात. शेजाऱ्याला कसा टोमणा मारला, तलाठ्याला कसं फाडून खाल्लं, दारी आलेल्या जावयाला पाण्याआधी काय सुनावलं. हसण्याचा कल्लोळ होतो आणि कुणीतरी म्हणतं, फणस हो, फणस. तेवढ्यात आमटीचं भांडं घेऊन घरची सून पंगतीत येते. वीस-पंचवीस वर्षं तिनं ही गंमत रोज सोसलेली असते. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलेलं असतं, माहेरच्या माणसांसमोर तिचा उद्धार केलेला असतो. ती वाढते, हसत नाही, आत जाते. तिला कुणी विचारत नाही की आतला गोडवा तुम्हाला कधी लागला का हो. पाहुण्यांना तो लागलेला असतो हे खरं. मुंबईहून येणाऱ्याला म्हाताऱ्यानं निघताना पिशवीभर आंबे दिलेले असतात, डोळ्यांत पाणी आणलेलं असतं. दोन दिवसांसाठी येणाऱ्याला गरा आणि बारा महिने राहणाऱ्याला काटा, अशी वाटणी असेल तर माणसाच्या स्वभावाचं माप कुणाच्या साक्षीनं काढायचं? मी घरच्या माणसाची साक्ष धरीन.

आणि या उपमेतला ‘कोकणी माणूस’ म्हणजे कोण, हेही एकदा बघावं. तो पुरुष असतो, म्हातारा असतो, ओटीवर बसलेला असतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण इतकं जास्त क्वचितच आढळतं. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याही सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटली होती. कारण उघड आहे, कमावत्या वयाचा पुरुष मुंबईत असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा होता. तेव्हा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होतं, ते १ मे १९८१ ला वेगळं झालं. गिरणगावात गावाच्या नावानं घेतलेल्या एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी ती माणसं महिन्याला मनीऑर्डर पाठवत, आणि इकडे भात लावणं, नाचणी काढणं, गुरं, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा आणि खोताचं किंवा सावकाराचं देणं हे सगळं बायका निभावत. पुढं १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि अनेक पुरुष रिकाम्या हातानं गावी परतले, तेव्हाही घर बायकांनीच धरून ठेवलं. जिल्हा ज्यांनी चालवला त्या या उपमेत कुठं आहेत? बाई तिखट बोलली की तिला कुणी फणस म्हणत नाही. तिला भांडखोर म्हणतात, कैदाशीण म्हणतात. काटे असूनही गोड ठरण्याची सवलत फक्त एकाला आहे.

सवलत म्हटलं, कारण काटा दाखवायलाही माणसाची ऐपत लागते. रत्नागिरी हा खोतीचा जिल्हा. खोत सरकारचा वसुलीदार होता, पण गावात तोच मालक होऊन बसला. कुळानं पिकवलेल्यातला मोठा वाटा त्याचा, वर वेठही त्याची. कुणबी कुळ, महारवाड्यातला माणूस खोताच्या अंगणात उभा राहून तिरकस बोलला असता तर त्याची जमीन गेली असती. तिथं त्याला मान खाली घालून बोलावं लागे. मंडणगडातल्या आंबडव्याशी ज्यांच्या घराण्याचं नातं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्यानंतर जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत येऊन विधिमंडळावर मोर्चानं गेले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. एवढ्या काळात गावात ज्याला मनात येईल ते बोलायची मुभा होती तो कोण होता आणि ज्याला ती नव्हती तो कोण, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. ओटीवर बसलेल्याचा काटा खाली अंगणात उभ्या असलेल्याला टोचला. त्याच ओटीवरचा माणूस मामलेदारापुढं, कलेक्टरपुढं किती काटेरी असायचा? ज्याचे काटे खालच्या बाजूलाच वळलेले असतात त्याला स्वभावाचा सडेतोड म्हणता येत नाही.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे माशांच्या लिलावाला उभी असलेली माणसं बघावीत. खारवी, दालदी मुसलमान, भंडारी, टोपल्या घेऊन आलेल्या बायका. भाव पाडणाऱ्याशी त्यांचं बोलणं आपल्या साहित्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याहून धारदार असतं. त्यांच्यावर फणसाची उपमा कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. तरीही ‘कोकणी माणूस’ म्हटलं की सगळा जिल्हा त्यात आला असं धरून चालतात.

ही उपमा दुसऱ्या बाजूनंही वापरली जाते, आणि तिथं ती जास्त घातक होते. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला माडबन, नाटे या भागातून विरोध झाला. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. २०२३ च्या एप्रिलअखेरीस राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, धरपकड झाली, पुढं अश्रुधूर सोडला गेला. त्या लोकांकडे कारणं होती. कलमांच्या मोहरावर धुराचा परिणाम काय होईल, खाडीत गरम पाणी सोडलं तर मासा राहील का, सड्यावरची कातळशिल्पं कुठं जातील, सड्यात मुरणाऱ्या पाण्यावर खालच्या वाडीच्या विहिरी आहेत त्यांचं काय. या कारणांना उत्तरं देता येतात, ती खोडता येतात, मान्य करता येतात. प्रकल्प हवा म्हणणारेही इथं आहेत आणि पोरांना गावातच नोकरी मिळावी हे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. पण त्या दिवसांत मी काय ऐकलं? ‘कोकणी माणसाचा स्वभावच आडवा. आधी काटे दाखवणार, मग आत गोड.’ म्हणजे विरोध ही साल आणि होकार हा गर. थोडं सोललं की गरा मिळेल. ज्या बाईनं तापलेल्या रस्त्यावर अंग टाकलं तिच्या प्रश्नाचं इथं एका फटक्यात स्वभावात रूपांतर झालं, आणि स्वभावाला कुणी उत्तर देत नसतं. लाडाची उपमा एवढं करू शकते.

माझ्या या म्हणण्यावर दोन उत्तरं येतात. पहिलं असं की ही प्रेमानं दिलेली उपमा आहे, तिचा एवढा कीस काढू नये. प्रेम असेलही. पण ज्या प्रेमाला समोरच्याकडे नीट बघायची गरज वाटत नाही ते त्याच्या काय कामाचं? अठराव्या वर्षी गाव सोडून गिरणीत गेलेला, चाळीस वर्षं खानावळीत जेवलेला, घर आणि पोरं वर्षातून पंधरा दिवस पाहिलेला माणूस म्हातारपणी कडवट बोलतो. त्या कडवटपणाला कारण आहे. त्याची माया करायची असेल तर त्या चाळीस वर्षांबद्दल त्याला विचारावं. ‘फणस आहेत आबा’ म्हटलं की विचारणं संपलं. सुनेवर अन्याय झाला तसा या उपमेनं आबांवरही अन्याय झाला आहे. तिचं सोसणं हसण्यावारी गेलं आणि त्याचं दुःख गंमत म्हणून खपलं.

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. उपमा नसेल तर माणसाविषयी बोलायचं कसं? मराठी वाणीच दृष्टान्तांवर पोसलेली आहे. हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणून तर ज्ञानेश्वरीकडेच वळतो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ज्ञानदेव एका गोष्टीला एकच दृष्टान्त देऊन क्वचितच थांबतात. एकामागून एक दृष्टान्त येत राहतात. एक पुरा पडत नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यातून जे सुटतं त्यासाठी तिसरा. त्यामुळं कुठलाही दृष्टान्त मूळ गोष्टीच्या जागी जाऊन बसत नाही. आणि आपल्या विषयाला लागून असलेली जागा तेराव्या अध्यायात आहे. अहिंसेचं वर्णन करताना ज्ञानदेव मनात शिरून गोडवा शोधत बसत नाहीत. अशा माणसाचं चालणं कसं असतं, तो पाऊल कसं टाकतो, बोलायच्या आधी किती जपतो, दुसऱ्याकडे कसा बघतो, त्याचे हात काय करतात, हे ते ओवीमागून ओवी सांगतात. मनात जे असतं तेच इंद्रियांतून बाहेर येतं, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे. बोलण्यात हिंसा आणि मनात अहिंसा अशी फोड त्यांना मान्यच झाली नसती. सातशे वर्षांपूर्वी मराठीत माणसाच्या स्वभावाची इतकी बारीक पारख झालेली असताना आपण एका फळावर समाधान मानावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा माझं भांडण उपमेशी नाही. एखाद्या माणसाच्या एखाद्या क्षणाला उपमा द्यावी, जरूर द्यावी. एका जिल्ह्यातल्या सोळा लाख माणसांना मिळून एक उपमा दिली की ती वर्णन राहत नाही, तो दाखला होतो. तरुण पोरं तो दाखला खिशात घालून फिरतात, हेही मी पाहतो आहे. दुकानात गिऱ्हाईकाला उडवून लावायचं, शेजाऱ्याच्या बांधावरून शिव्या द्यायच्या, बायकोला चारचौघांत गप्प करायचं, आणि कुणी काही म्हटलं की छातीवर हात ठेवून सांगायचं, आम्ही कोकणी असेच, फणसासारखे. बापजाद्यांच्या दारिद्र्यातून आलेला कडूपणा एक वेळ समजून घेता येतो. पगार, गाडी, कलमांचं उत्पन्न असं सगळं असलेल्यानं तोच कडूपणा वारसा म्हणून मिरवावा, हे समजून घ्यायचं मला काही कारण दिसत नाही.

याच जिल्ह्यात मी उलट माणसंही पाहिली आहेत, आणि ती थोडी नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्यानंतरचे कितीतरी दिवस आजूबाजूच्या गावांतून माणसं फावडी-घमेली घेऊन येत होती, अनोळखी घरांतला चिखल उपसत होती, भाकऱ्यांची गाठोडी वाटत होती. ती माणसं मृदू बोलत होती. ज्याचं सगळं वाहून गेलं आहे त्याच्याशी कसं बोलावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्यात आतलं आणि बाहेरचं असं वेगळं काढता येण्याजोगं काही नव्हतं. कोकणी माणूस म्हणून कुणाचं उदाहरण द्यायचं असेल तर त्यांचं द्यावं.

लिहिणाऱ्यांना आणि व्यासपीठावर बोलणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठी गावाकडच्या म्हाताऱ्यावर लिहायला बसाल तेव्हा त्याच्या सुनेशी, मुलीशी, त्याच्या कलमांत राबणाऱ्या गड्याशी अर्धा तास बोला. शोकसभेत उभे राहाल तेव्हा गेलेला माणूस कुणाशी काय बोलला, कुणासाठी काय केलं, कुणाचं काय राहून गेलं ते नावनिशीवार सांगा. सांगण्यासारखं काही सापडलं नाही तर दोन मिनिटं शांत उभे राहा आणि खाली बसा.